माहितीपटातल्या कारागिरीचे पुरस्कार: नेमकं काय जोखलं जातं?

पडद्यामागे

अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या जागतिक माहितीपट विभागात २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं भारतीय माहितीपटांनी बक्षिसं आणली. चारही वेगवेगळ्या गोष्टींसाठी होती. 'रायटिंग विथ फायर'ला प्रेक्षक पुरस्काराबरोबर मिळालेला ज्युरी पुरस्कार समाजावरच्या परिणामासाठी होता. 'ऑल दॅट ब्रीद्स'ला सर्वोच्च ग्रँड ज्युरी मिळालं. मुंबईच्या दोन कोळी मित्रांवरचा 'अगेन्स्ट द टाइड' व्हेरिते (घडतंय ते मध्ये न पडता टिपण्याच्या) पद्धतीसाठी गौरवला गेला, आणि पूर्व हिमालयातल्या निशाचर पतंगांवरचा 'नॉक्टर्न्स' थेट 'क्राफ्ट'साठी, म्हणजे कारागिरीसाठी. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र सगळं 'सनडान्समध्ये बाजी' या एकाच मथळ्याखाली गेलं.

हा धागा त्या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे. माहितीपटाच्या परीक्षणात एक जुनं दुखणं आहे: विषय जितका गंभीर तितके गुण जास्त. नरसंहारावरचा ओबडधोबड चित्रपट आणि मधमाश्यांवरचा बारीक विणलेला चित्रपट समोरासमोर आले की पहिल्याला नाकारताना परीक्षकाचा जीव कचरतो. त्यामुळे कॅमेरा, संकलन, आवाज, संगीत यांचं काम दिसत असूनही मोजलं जात नाही.

यावर मुद्दाम काढलेला उपाय म्हणजे न्यूयॉर्कचे 'सिनेमा आय ऑनर्स'. ए. जे. श्नॅक आणि थॉम पॉवर्स यांनी २००७ मध्ये त्यांची उभारणी केली आणि पहिला सोहळा २००८ मध्ये झाला. त्यांची खाती बघितली की हेतू कळतो: दिग्दर्शन, निर्मिती, संकलन, छायालेखन, मूळ संगीत, ध्वनिआरेखन, दृश्यरचना (म्हणजे ग्राफिक्स आणि अॅनिमेशन), पदार्पण. नामांकनं मुख्यतः महोत्सवांचे निवडकर्ते ठरवतात आणि विजेते माहितीपट क्षेत्रातले लोक मतदानाने निवडतात. पडद्यावर दिसलेल्या माणसांची 'अनफर्गेटेबल्स' नावाची वेगळी यादीही असते, तीत स्पर्धा नसते. ती मला फार शहाणपणाची वाटते. माणूस अविस्मरणीय होता याचं श्रेय एकीकडे, चित्रपट नीट बांधला होता याचं दुसरीकडे.

ऑस्करचा इतिहास या बाबतीत गमतीचा आहे. माहितीपटाचं स्वतंत्र खातं १९४० च्या दशकात आलं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९३० साली, 'विथ बर्ड अॅट द साउथ पोल' या माहितीपटाने छायालेखनाचं ऑस्कर घेतलं होतं. अंटार्क्टिकावर कॅमेरा चालवला, त्याचं बक्षीस. स्वतंत्र खातं झालं आणि माहितीपट त्या खात्यात जाऊन बसला. त्यानंतर इतर तांत्रिक खात्यांत तो क्वचितच दिसतो.

संकलन, ध्वनी आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या नियमांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

कापाकापी

चांगला धागा. संकलनाबद्दल लिहितो.

क्वचित दिसणाऱ्या उदाहरणांत 'हूप ड्रीम्स' (१९९४) सगळ्यात बोलकं. त्याला संकलनाचं ऑस्कर नामांकन मिळालं आणि माहितीपटाचं मिळालं नाही! म्हणजे संकलकांच्या शाखेला जे दिसलं ते माहितीपट निवडणाऱ्या समितीला दिसलं नाही. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढे अकादमीला निवडीची पद्धतच बदलावी लागली. पंचवीस वर्षांनी 'अपोलो ११' च्या बाबतीतही तेच. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, सगळं जुनं चित्रीकरण. सनडान्सने २०१९ मध्ये संकलनासाठी विशेष पुरस्कार दिला, पुढच्या वर्षी एमी (अमेरिकी टीव्ही पुरस्कार) मिळाले, पण माहितीपटाच्या ऑस्करच्या अंतिम पाचांत नाव नाही.

संकलनाचं परीक्षण अवघड का, तर परीक्षकाला कच्चा माल दिसत नाही. 'हूप ड्रीम्स'साठी सुमारे २५० तासांचं चित्रीकरण होतं आणि चित्रपट जवळपास तीन तासांचा. 'हनीलँड'ला सुमारे ४०० तास, चित्रपट दीड तासाचा. टाकून दिलेल्या ३९८ तासांत काय होतं हे कुणालाच माहीत नसतं. मग परीक्षक कशावरून ठरवतात? माझ्या मते चार जागा बघतात. पहिली दहा मिनिटं: कोण, कुठे, काय पणाला लागलंय हे निवेदकाने न सांगता कळतं का. मधला भाग, साधारण ४० ते ५५ मिनिटांदरम्यान, जिथे बहुतेक माहितीपट त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगू लागतात. काळाची उडी: दोन वर्षं गेली हे पाटी न टाकता समजतं का. आणि मुलाखत मध्येच कापली असेल तर वाक्य खरंच तसं बोललं गेलं होतं असं वाटतं का.

शेवटचा मुद्दा फार जणांना नडतो. तीन वेगवेगळ्या उत्तरांतले तुकडे जोडून एक वाक्य बनवायचं आणि वर हाताचा किंवा खिडकीचा शॉट टाकून सांधा झाकायचा. आवाजाची पट्टी दर तुकड्याला बदलते, श्वास मध्येच तुटतो, आणि सराईत कानाला ते लगेच कळतं. असं एखादं वाक्य चालून जातं. दर मिनिटाला एक आलं की परीक्षकाचा विश्वास उडतो.

तयारीच्या दृष्टीने: मराठी किंवा बोलीभाषेतलं चित्रीकरण असेल आणि संकलक परभाषक असेल तर प्रत्येक तासाच्या चित्रीकरणाचं टाइमकोडसकट लिखित रूप आणि भाषांतर आधी करून घ्या. 'सारांश' देऊ नका. "इथे दोघे भांडतात" एवढ्यावर संकलकाला कुठे कापायचं ते कळत नाही. शब्द कुठे संपतो ते कळायला हवं. 'अगेन्स्ट द टाइड' चे एक संकलक अतानास जॉर्जिएव्ह हे 'हनीलँड'चेही संकलक. उत्तर मॅसेडोनियातल्या संकलकाला कोळी बोलीतली बाचाबाची नेमकी कापायची तर भाषांतर किती बारीक हवं याचा अंदाज करा.

संकलनासाठी नाव घेण्यासारखे आणखी दोन: अमेरिकन संकलकांच्या संघटनेचे 'एडी' पुरस्कार, ज्यात माहितीपटाचं वेगळं खातं आहे, आणि सनडान्सच्या अमेरिकी विभागातला जोनाथन ओपनहाइम यांच्या नावाचा संकलन पुरस्कार.

कानोसा

आवाजाकडे वळतो, कारण यादीत तो नेहमी शेवटी येतो.

अमेरिकेत ध्वनिसंकलकांचे 'गोल्डन रील' आणि ध्वनिमिश्रकांच्या 'सिनेमा ऑडिओ सोसायटी'चे पुरस्कार, दोन्हींत माहितीपटाचं स्वतंत्र खातं आहे. सिनेमा आयमध्येही. पण चित्रपट तिथवर पोचायचा तर आवाज थिएटरात नीट वाजला पाहिजे आणि आपले निम्मे माहितीपट तिथेच पडतात.

मुख्य कारण: मिश्रण छोट्या खोलीत, कमी पातळीवर झालेलं असतं. थिएटरची संदर्भ पातळी पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबल अशी लावलेली असते (डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा, म्हणजे उणे २० डीबीएफएसचा, 'पिंक नॉइज' हा चाचणीचा आवाज वाजवून). घरच्या खोलीत ७० ते ७५ डेसिबलवर ऐकत मिश्रण केलं की संवाद कानाला पुरेसे वाटेपर्यंत आपण ते चढवत नेतो. तोच ट्रॅक थिएटरात गेला की निवेदन अंगावर येतं, स-श-ष टोचू लागतात आणि ऑपरेटर आवाजाची कळ (फेडर) खाली ओढतो. मग वातावरणाचा आवाज, ज्यावर ध्वनिआरेखकाने महिनाभर काम केलं, तो नाहीसाच होतो. ओटीटीसाठीचं मिश्रण तसंच थिएटरला पाठवणं ही उलट बाजूची चूक. नेटफ्लिक्सचं मोजमाप संवादावर उणे २७ एलकेएफएस (सरासरी मोठेपणाचं एकक) आहे, युरोपीय प्रसारणाचं उणे २३. एकच फाइल सगळीकडे चालणार नाही. किमान दोन मिश्रणं करा, आणि थिएटरचं एकदा तरी खऱ्या थिएटरात ऐका. सकाळच्या रिकाम्या वेळेत एक तास भाड्याने मिळतो.

दुसरं, गोंगाट काढण्याचा अतिरेक. पंखा, एसी, जनरेटर सॉफ्टवेअरने पुसताना माणसाचा आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. परीक्षकाला पंख्याचा त्रास होत नाही, पंखा दर कटला चालू-बंद होण्याचा होतो. म्हणून प्रत्येक जागी निदान ६० सेकंद कोणीही न बोलता, त्याच माइकच्या त्याच जागेवरून रिकामा आवाज टिपा. कट जोडायला तो लागतोच. गडबडीत हे पहिल्यांदा गाळलं जातं.

बोटीवरचं चित्रीकरण वेगळाच विषय. डिझेल इंजिनाचा घुमारा खालच्या पट्टीत असतो, ८० हर्ट्झखालचं कापलं तर थोडा हलका होतो. पण त्याच्या वरच्या पट्ट्या थेट पुरुषी आवाजात मिसळतात, त्या कापता येत नाहीत. उपाय मिश्रणात नाही, चित्रीकरणात आहे: छातीवर, कपड्याच्या आत कॉलर माइक, त्यावर वाऱ्याचं केसाळ आवरण, आणि इंजिन बंद असतानाची संभाषणं हेरून ठेवणं.

'नॉक्टर्न्स'मध्ये उलटी अडचण असणार. रात्रीचं जंगल, कापडाच्या पडद्यावर लावलेला दिवा आणि त्यावर येणारे पतंग. इतकं हळू काही टिपायचं तर माइकची स्वतःची खरखर १० डेसिबलच्या आसपास किंवा त्याखाली हवी आणि रेकॉर्डरचा प्रीअँपही (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) तितकाच शांत हवा. नाहीतर पंखांच्या फडफडीबरोबर सूं असा आवाज थिएटरभर पसरतो. त्या चित्रपटाला 'क्राफ्ट'चा पुरस्कार मिळण्यात ध्वनीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. त्यात माणसं फार बोलतच नाहीत.

रोखठोक

सगळं मान्य, पण एक शंका. कारागिरीला बक्षीस म्हणजे शेवटी देखणेपणाला बक्षीस नाही का? ज्याच्याकडे चांगला कॅमेरा, ड्रोन आणि परदेशी संकलक त्याचा चित्रपट 'क्राफ्टेड'. आणि जो मोर्च्यात धक्के खात हातात कॅमेरा धरून उभा, त्याचा 'महत्त्वाचा पण ओबडधोबड'. आनंद पटवर्धनांच्या कामाला या मोजपट्टीवर कुठे बसवणार? त्यांच्या 'विवेक'ला २०१८ मध्ये इडफा या अॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवाचं सर्वोत्तम माहितीपटाचं पारितोषिक मिळालं, छायालेखनाचं नव्हे.

शिवाय ही सगळी यादी अमेरिकेची झाली.

पडद्यामागे

रोखठोक, शंका रास्त आहे. देखणेपणाची लाट आलेली आहेच. पहाटेच्या धुक्यातला ड्रोन, गरिबाच्या सुरकुत्यांवर उथळ फोकस, स्लो मोशनमध्ये धावणारी मुलं. पण जाणकार परीक्षक याला कारागिरी म्हणत नाहीत. ड्रोन आता भाड्याने सहज मिळतो, त्यात निवड कुठली?

'ऑल दॅट ब्रीद्स' बघा. सुरुवातीलाच दिल्लीतल्या एका मोकळ्या जागेवर रात्री उंदरांच्या पातळीवरून अतिशय सावकाश सरकणारा कॅमेरा आहे. त्यात महागडं काही नाही. जमिनीलगतचा आधार, संयम आणि वेग यांचा हिशेब आहे. पॅनचा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवण्याचा, वेग हा माहितीपटात सर्वांत जास्त बिघडणारा भाग. सेकंदाला २४ फ्रेम असताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण ७ सेकंद लागली पाहिजेत. त्याहून घाई केली की मोठ्या पडद्यावर चित्र थरथरतं. लॅपटॉपवर ते दिसत नाही, म्हणून संकलनात सुटतं.

मोर्च्यातल्या कॅमेऱ्याचंही क्राफ्ट असतं आणि ते फार कठीण असतं: गर्दीत उभं राहून दोन मिनिटांचा सलग शॉट, ज्यात बोलणारा, ऐकणारा आणि मागून येणारा पोलिस तिघं न कापता दिसतात. सनडान्सने 'व्हेरिते'साठी वेगळा पुरस्कार दिला तो याच कौशल्याला. 'अगेन्स्ट द टाइड'मध्ये राकेश पूर्वजांच्या पद्धतीने मासेमारी करतो, गणेश खोल समुद्रात एलईडी दिव्यांकडे वळतो, आणि दोघांमधला ताण मुलाखतीत सांगितलेला नाही, घडताना दिसतो. त्यासाठी कॅमेरा प्रसंग सुरू होण्याआधी चालू असावा लागतो आणि प्रसंग संपल्यावरही काही वेळ चालू ठेवावा लागतो. "पुन्हा एकदा आत या" म्हटलं की सगळं गेलं. माणसं अभिनय करू लागतात आणि ते झाकता येत नाही.

अमेरिकेबाहेरचं म्हणाल तर कानचा 'गोल्डन आय' २०१५ पासून दिला जातो. फ्रेंच लेखक-दिग्दर्शकांच्या संघटनेने तो सुरू केला. २०२१ मध्ये पायल कपाडियांच्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'ला आणि २०२२ मध्ये पुन्हा 'ऑल दॅट ब्रीद्स'ला मिळाला. पहिला तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षण संस्थेशी जोडलेला. कृष्णधवल, खरखरीत, पत्रांच्या आधाराने चालणारा. देखणेपणाच्या रूढ अर्थाने अजिबात गुळगुळीत नाही, आणि तरी त्यातली प्रत्येक फ्रेम ठरवून घेतलेली आहे.

रजतकमळ

आपल्याकडचं लिहितो.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'नॉन-फीचर' विभागात दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिआरेखन, संकलन, संगीत, निवेदन अशी कारागिरीची खाती आहेत. ७० व्या पुरस्कारांपासून (२०२२ चे चित्रपट, घोषणा ऑगस्ट २०२४) रकमा वाढल्या: सुवर्णकमळाला ३ लाख, रजतकमळाला २ लाख. त्याच वर्षी सर्वोत्तम माहितीपट ठरला तो सोहिल वैद्य यांचा मराठी 'मर्मर्स ऑफ द जंगल', देवरायांवरचा. निवेदनाचा पुरस्कारही त्यालाच, सुमंत शिंदे यांच्या आवाजासाठी. आणि चरित्र-इतिहास-संकलनपट गटात अशोक राणे यांचा 'आणखी एक मोहेंजो दारो', गिरणगावावरचा. दोन मराठी माहितीपट एकाच वर्षी, याची चर्चा हवी तेवढी झाली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या विभागात माहितीपट आणि कथात्म लघुपट एकत्र स्पर्धेत असतात. सर्वोत्तम माहितीपट, सर्वोत्तम लघुपट ही खाती वेगळी आहेत. पण कॅमेरा, संकलन, संगीत यांना अशी भिंत नाही. त्या वर्षीचं संकलनाचं पारितोषिक 'मध्यंतर' या कन्नड लघुपटाला आणि संगीताचं 'फुर्सत'ला गेलं, दोन्ही कथात्म. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण लिहिलेल्या पटकथेवर बेतलेलं संकलन आणि शेकडो तासांतून गोष्ट शोधून काढणारं संकलन एकाच तराजूत घालणं बरोबर नाही. 'सिनेमा आय'सारखी व्यवस्था ज्या कारणाने जन्मली, ते कारण आपल्याकडे वेगळ्या रूपात शिल्लक आहे.

मिफ्फ (मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव) त्या मानाने माहितीपटाचं घर. १९९० मध्ये सुरू झाला, दर दोन वर्षांनी होतो. आधी पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनकडे होता, विलीनीकरणानंतर एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आहे. जून २०२४ च्या १८ व्या महोत्सवात निष्ठा जैन यांच्या ताग गिरण्यांवरच्या 'द गोल्डन थ्रेड'ला सुवर्णशंख हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. छायालेखन, संकलन, ध्वनी यांना तांत्रिक पुरस्कार तिथेही आहेत. शिवाय मुंबईतल्या इंडियन डॉक्युमेंटरी प्रोड्यूसर्स असोसिएशनचे पुरस्कार विसरू नका. संस्था १९५६ ची आहे.

प्रवेशिका अडते कुठे? राष्ट्रीय पुरस्कारांसाठी त्या कॅलेंडर वर्षातलं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबरमधलं, सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. चित्रपट नोव्हेंबरात पूर्ण करून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज करणारे हमखास पुढच्या वर्षात ढकलले जातात, आणि दरम्यान चित्रपट महोत्सवांत जुना झालेला असतो. आक्षेप, कट, पुन्हा तपासणी हे धरून दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

दुसरी अडचण श्रेयनामावलीची. तीन वर्षं चाललेल्या चित्रीकरणात चार जणांनी कॅमेरा धरलेला असतो. अर्जात छायालेखक म्हणून कोणाचं नाव? 'अतिरिक्त छायालेखन' कोणाचं? हे मिश्रणाच्या आधी लेखी ठरवून सह्या घ्या. पुरस्कार जाहीर झाल्यावर "माझे शॉट्स निम्मे होते" हे भांडण सोडवायला कोणतीच समिती येत नाही. पडद्यावरची नामावली, सेन्सॉरचा अर्ज आणि पुरस्काराचा अर्ज, तिन्हींत नाव आणि स्पेलिंग एकच हवं.

जुनीरीळं

'आणखी एक मोहेंजो दारो'चा उल्लेख आला म्हणून जुन्या चित्रीकरणाबद्दल. यालाही पुरस्कार आहेत: लंडनच्या फोकल इंटरनॅशनल संस्थेचे. तिथे जुन्या चित्रफितींचा वापर, जतन आणि संशोधक, तिन्हींचा सन्मान होतो. न्यूज अँड डॉक्युमेंटरी एमीमध्येही 'संशोधन' हे स्वतंत्र खातं आहे. आपल्याकडे संशोधकाचं नाव आभारांच्या यादीत, केटरिंगच्या वरच्या ओळीत.

या कामात परीक्षकाला खटकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. चौकोनी ४:३ चित्र ताणून १६:९ केलेलं, माणसं जाडजूड. बाजूला काळ्या पट्ट्या चालतील, चेहरा ताणू नका. १६ किंवा १८ फ्रेमने घेतलेली मूक रीळ २४ ने चालवलेली, म्हणून माणसं तुरुतुरु पळतात. टीव्हीच्या टेपमधली इंटरलेस रेषा (हालचालीच्या कडेला दिसणारे दाते) तशीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे १९८२ च्या गिरणी संपाबद्दल बोलताना पडद्यावर १९७० च्या मोर्च्याचं चित्र. माहीत असणारा परीक्षक तिथेच वही मिटतो.

'अपोलो ११' च्या लोकांनी अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ६५ मिमी रिळांचं नव्याने स्कॅनिंग केलं आणि सुमारे ११,००० तासांच्या ध्वनिफितींशी त्यांचा मेळ घातला. कोणत्या मिनिटाला नियंत्रण कक्षातला कोण काय बोलत होता ते जुळवत बसणं. संगीतकार मॅट मॉर्टन यांनी वाद्यंही १९६९ पर्यंतचीच वापरली. हा अट्टहास वाटेल, पण सर्व खात्यांचं काम एकाच नियमाला बांधलेलं असलं की परीक्षकाला ते न सांगता जाणवतं.

हक्कांबद्दल इतकंच: "यूट्यूबवर होतं" हा परवाना नव्हे. महोत्सवापुरता परवाना स्वस्त मिळतो, पण तो ओटीटीवर चालत नाही. सुरुवातीलाच दोन्हींचे दर लेखी मागून घ्या, म्हणजे नंतर विक्रीच्या वेळी अर्धा चित्रपट कापावा लागत नाही.

नवखा_निर्माता

सर्वांचे आभार. थेट प्रश्न: मराठी माहितीपट, ३९ मिनिटं, सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण आणि संकलन. ऑस्करच्या लघु माहितीपट गटात ४० मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे बसतो. डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) करून पाठवायचा आहे. काय जपू?

कानोसा

थांबा, बसत नाही कदाचित! २५ फ्रेमचा चित्रपट थिएटरच्या नेहमीच्या २४ ला संथ केला तर लांबी २५/२४ पटीने वाढते. ३९ मिनिटांचे ४० मिनिटं ३७ सेकंद होतात आणि नामावलीसकट मर्यादा ओलांडली जाते. आवाजही सुमारे ४ टक्के संथ आणि अर्ध्या स्वरापेक्षा जरा कमी खाली जातो. तानपुरा किंवा ओळखीचं गाणं असेल तर कानाला बेसूर लागतं, म्हणून पट्टी सुधारून घ्यावी लागते.

पर्याय दोन. २५ फ्रेमचीच एसएमपीटीई (नव्या मानकाची) डीसीपी करा. बहुतेक आधुनिक प्रोजेक्टर ती चालवतात, पण महोत्सवाला आधी लेखी विचारा. जुनी इंटरऑप पद्धत २५ घेत नाही. नाहीतर मुळातच ३८ मिनिटं २० सेकंदांच्या आत चित्रपट बसवा, म्हणजे २४ वर गेला तरी ४० च्या आत राहतो.

कापाकापी

त्यात भर. १९२० × १०८० चं चित्र फ्लॅट (१.८५:१ आकाराच्या) डीसीपीच्या १९९८ × १०८० मध्ये ठेवताना दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी येते, ती येऊ द्या. भरून काढायला चित्र मोठं केलं की वरखालून कापलं जातं आणि खालची सबटायटल कडेला टेकतात. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, पण तयार झालेली प्रत एकदा खऱ्या प्रोजेक्टरवर पूर्ण बघा. पाच मिनिटं बघून उठू नका.

महोत्सवाच्या प्रतीला कुलूप (एन्क्रिप्शन) लावू नका. कुलूप लावलं की प्रत्येक सर्व्हरसाठी वेळेच्या मर्यादेची किल्ली पाठवावी लागते, आणि वेळक्षेत्राची गल्लत झाली की खेळाच्या वेळी पडदा काळा.

निवड समिती मात्र डीसीपी बघत नाही, लिंक बघते. रात्रीची दृश्यं असतील तर लिंकची फाइल २० मेगाबिटच्या पुढची चढवा, नाहीतर अंधारात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसतात आणि दोष छायालेखकाच्या माथी जातो. मिणमिणत्या दिव्यांचा दोष मात्र चित्रीकरणातलाच: आपल्या ५० हर्ट्झ विजेखाली २४ फ्रेमने चित्रीकरण करताना शटर १८० अंशांऐवजी १७२.८ ठेवलं की मिणमिण बरीच आटोक्यात येते. स्वस्त एलईडीला तेही पुरत नाही, ते बदलावेच लागतात.

रोखठोक

सबटायटलबद्दल कोणी लिहिलं नाही. परदेशी परीक्षकाच्या दृष्टीने तुमचा अर्धा चित्रपट तोच. ओळीला ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी, याहून जास्त नको. आणि ओळ कटवर ओलांडू देऊ नका. डोळा पुन्हा पहिल्यापासून वाचतो. कोळी, वऱ्हाडी, मालवणी बोलीचं इंग्रजी एकाच सरळसोट भाषेत केलं की आजी आणि सरकारी अधिकारी सारखेच बोलू लागतात. हेही क्राफ्टच.

रजतकमळ

नवखा_निर्माता, आणखी एक. सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी छापलेली असते. आधी २५ फ्रेमची ३९ मिनिटांची प्रत तपासून घेतली आणि मग २४ ची साडेचाळीस मिनिटांची प्रत राष्ट्रीय पुरस्काराला पाठवली, तर कागद आणि चित्रपट जुळत नाहीत आणि खुलासे देत बसावं लागतं. फ्रेमचा निर्णय आधी घ्या, अंतिम मिश्रण त्यावर करा, मगच प्रमाणपत्राचा अर्ज भरा.